अंगण वाकडं

मे महिन्यातली दुपार. पानं उचललेली, लाईट गेलेली, आणि घरातली सगळी माणसं पंख्याखाली आडवी. पंखा बंद असला तरी माणसं पंख्याखालीच आडवी होतात, सवयीने. भाचा पडवीत पालथा पडून लॅपटॉपच्या उरल्यासुरल्या चार्जिंगवर टेकन खेळत होता. तोच तो लाथाबुक्क्यांचा व्हिडिओ गेम. तिसऱ्यांदा हरला तेव्हा त्याने लॅपटॉप जरा पुढे ढकलला आणि जाहीर केलं, "स्टेजच बंडल आहे."

माजघरातून आईचा आवाज आला. ती झोपलीय असा आमचा समज होता.

"नाचता येईना, अंगण वाकडं."

म्हण त्याला ठाऊक होती, शाळेच्या पुस्तकात येते. ती पुस्तकाबाहेर आपल्यालाही लावली जाते, हे मात्र नवीन असावं. तो उठून बसला. "आजी, खरंच वाकडं असतं गं. मामा, तू टेकन फोर खेळलायस?"

आता टेकन फोर आला तेव्हा हा जन्मायचा होता. पण हल्लीच्या मुलांना आपल्या जन्माआधीच्या गोष्टींचेही राग असतात, आणि ते अगदी अभ्यासपूर्ण असतात. त्याने मला पाच मिनिटं नीट समजावून सांगितलं की या अख्ख्या मालिकेतली सगळ्यात वाईट आखलेली मैदानं चौथ्या भागात आहेत. मी ऐकून घेतलं. मी तो खेळलोय. एकदाच. त्याच्याआधी मात्र थ्री खेळलोय, आणि तो किती वेळा हे आईसमोर सांगण्यासारखं नाही.

टेकन थ्री प्लेस्टेशनवर आला १९९८ साली. मालवणात पोचायला त्याला आणखी वर्षभर लागलं असेल. एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत भाड्याने सायकली देणाऱ्या एकाने सायकली बाहेर पावसात काढल्या आणि आत दोन टीव्ही मांडले. अर्ध्या तासाला पाच रुपये. खाऱ्या हवेने असेल किंवा आमच्या हातांनी असेल, मशीन डिस्क वाचेनासं व्हायचं. मग तो मालक ते उलटं करून, पोट वर करून ठेवायचा आणि ते पुन्हा चालू लागायचं. पुढे कळलं की जगभर लोक हेच करत होते. तेव्हा आम्हाला ती त्याची स्वतःची विद्या वाटायची आणि त्याच्याबद्दल भलताच आदर होता.

मी कायम एडी गोर्डो घ्यायचो. ब्राझीलचा, कापोईरा नावाची तिकडची नाचरी मारामारी करणारा. त्याला घेतलं की बटणं कशीही बडवा, तो हातांवर उभा राहून पाय फिरवत जिंकून देतो. माझा चुलतभाऊ, आमचा दादा, याला खेळणं मानायचा नाही. तो किंग घ्यायचा, जग्वारच्या तोंडाचा पैलवान, आणि एकेक पकड पाठ करून यायचा. आणखी एक गॉन नावाचा चिमुकला डायनोसॉर होता. इतका बुटका की सरळ मारलेले ठोसे त्याच्या डोक्यावरून जायचे. त्याला कोणी घेतलं की भांडण व्हायचं, पडद्यावरचं नव्हे.

त्या खेळात मैदानाला काठच नव्हता. मागची बाग, पाळणे, डोंगर, काय असेल ते चित्र. तुम्ही मागे सरत राहा, चित्र तेवढ्याच अंतरावर. एकदा मी आणि दादाने चांगल्या पाच रुपयांची नासाडी करून शेवट शोधायचा प्रयत्न केला. एकाने मागे जायचं, दुसऱ्याने न मारता पाठोपाठ जायचं. वरचं घड्याळ संपायचं, जमीन काही संपायची नाही. मालक म्हणाला, "मारामारी करूची नसात तर घराक जावा."

मग चौथा आला. २००१ साली गेम पार्लरमधल्या मोठ्या मशीनवर, २००२ मध्ये घरच्या प्लेस्टेशन टूवर. करणाऱ्यांनी ठरवलं की पुरे झालं हे न संपणारं मैदान, आता खऱ्या जागा करू. भिंती आणल्या. पार्किंगमध्ये खांब आणले. जंगल आणलं, समुद्रकिनारा आणला. आणि मुख्य म्हणजे जमीन उंचसखल केली. इथेच जाणकारांचं डोकं फिरलं. समोरच्याला हवेत उडवून खाली पडायच्या आत सात-आठ ठोसे लगावायचे हा या खेळाचा प्राण. महिनाभर घासून पाठ केलेलं ते गणित, समोरचा उताराच्या बाजूला पडला की फसतं, ठोसा त्याच्यावरून निघून जातो. कोपऱ्यात सापडला तो भिंतीला लागून मार खातच राहतो. कौशल्य एकीकडे आणि जमिनीची लहर एकीकडे. पाचव्या भागात, २००४ साली, कंपनीने निमूटपणे सगळीकडे जमीन सपाट केली. भिंती ठेवल्या.

"आणि हे योग्यच केलं," भाचा म्हणाला. "असल्या जागेवर कोण मारामारी करेल?"

मी पडवीतून समोर बघितलं.

आमचं घर उतारावर आहे. कोकणात बाकी कुठे असणार. घराच्या पायरीपासून माडांपर्यंत जमीन इतकी हळूहळू उतरते की डोळ्यांना कळत नाही, चेंडूला कळतं. खळ्यात, म्हणजे आमच्या अंगणात, ठेवलेली कुठलीही गोल वस्तू, नारळ असो, लिंबू असो, कुणाचं तरी लहान मूल असो, थोड्या वेळाने पूर्वेच्या कडेला मिळायची. दिवाळीच्या सुमाराला दरवर्षी खळं करायचे. माती उकरायची, पाणी मारायचं, चोपायची, मग शेणाने सारवायची. दरवर्षी बाबा म्हणायचे की यंदा लेव्हल काढूया. दरवर्षी काका म्हणायचे, "पावसाचा पाणी मगे खयसून जातला?" आणि खळं जसंच्या तसं वाकडं सारवलं जायचं.

माझ्या आणि दादाच्या सगळ्या लढाया तिथे झाल्या. कारणं काहीही. सायकल, आंब्याची वाटणी, एडी गोर्डो. मधोमध तुळस, तिला धक्का लावायचा नाही. मे महिन्यात माटव, म्हणजे मांडव, घातलेला, त्याचे पोफळीचे खांब बरोबर डोक्याच्या वाटेत. एका बाजूला कोकमाची सालं वाळत पडलेली, दुसरीकडे आंबोशी, आणि दोन्हींच्या मध्ये कावळे हाकायची काठी घेऊन बसलेली आजी. ती कावळा आणि नातू यांत फरक करायची नाही. लढता लढता कोकमात पडलं की लढाई हरलीच, वर काठी, वर दोन दिवस लालजांभळे पाय. आणि पूर्वेची कड. तिथे खळं संपायचं ते माणूसभर खाली कुणग्यात, भातशेतीच्या तुकड्यात. उन्हाळ्यात खाली ढेकळं, श्रावणात गुडघाभर चिखल आणि भात. सोलकॅलिबर म्हणून तलवारींचा एक खेळ आहे. त्यात काठावरून खाली गेलात की अंगात कितीही जीव शिल्लक असला तरी हरलात. तो आम्ही खूप नंतर पाहिला. पाहिल्यावर दादा एवढंच म्हणाला, "ह्यां आपला खळा."

दादा दोन वर्षांनी मोठा. तेवढं पुरलं नसतं म्हणून की काय, तो नेहमी वरची बाजू धरायचा, पायरीकडची. भांडण पेटणार असं दिसलं की तोंडाने बोलत बोलत, काहीच झालं नसल्यासारखा, दोन पावलं चढाकडे सरकायचा. टेकन फोरमध्ये फेरी सुरू व्हायच्या आधीच खेळाडूंना इकडेतिकडे चालून जागा पकडता येते. कणकवलीला मी तो खेळ एकदाच खेळलो त्यात मला हीच गोष्ट लक्षात राहिली. बाकी ठोसे, लाथा कुणीही कल्पनेने लिहील. हे मात्र उतारावर भांडलेल्या माणसालाच सुचेल. जपानमध्ये त्या कचेरीत उतारावरच्या घरातला कुणीतरी धाकटा भाऊ कामाला असणार.

मला स्वतःला सपाट जागेचा कंटाळा येतो, हे इथे कबूल करतो. पुण्याला बहिणीकडे गेलो की संध्याकाळी मैदानाला चार फेऱ्या मारताना पाय दुखतात. इथे रोज बाजारात जाताना तेवढाच चढ-उतार होतो तेव्हा काही नाही. पायांना दर दहा पावलांनी काहीतरी वेगळं लागतं. आमच्याकडे सपाट असं काही असेल तर वर कातळाचा सडा, म्हणजे उघडं पठार. चिपीचा विमानतळ तिथे वर सड्यावर केला, ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. खाली विमानाला धावायला जागा कुठून आणणार? रेल्वेने तर सपाटीसाठी ९० च्या वर बोगदे पाडले. सड्यावर क्रिकेट बरं होतं म्हणतात, पण तिथे पडलं की गुडघ्याची सालं कातळालाच राहतात. तेव्हा तिथलं क्षेत्ररक्षण बघण्यासारखं असतं. कोणी वाकत नाही.

जागा खरी वाटावी म्हणून खेळवाले काय काय करतात ते सोडा. स्ट्रीट फायटर टूमध्ये, १९९१ च्या, आपला धालसिम आहे, हातपाय लांब करणारा योगी. त्याचं मैदान म्हणजे भारत, आणि भारत म्हणजे मागे ओळीने उभे हत्ती. तिकडे कवट्यांची माळ घातलेला माणूस तोंडातून आग काढतोय आणि हत्ती शिस्तीत सोंड वर करून दाद देतायत. आमच्या जिल्ह्यात कर्नाटकातून खरोखरचे हत्ती उतरले, दोडामार्गच्या बाजूला. ते काही ओळीत उभे राहिले नाहीत. केळी खाल्ल्या, माड मोडले, लोकांच्या झोपा उडवल्या. हे मी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "असं स्टेज पाहिजे." थोडक्यात, हत्ती चालेल, उतार नको.

मग त्याने सातव्या भागातली त्याची आवडती जागा लावून दाखवली. इन्फिनिट अझ्युर. नुसतं पाणी, घोट्याइतकंही नसेल, आणि वर आभाळ. भिंत नाही, खांब नाही, चारी बाजूंना क्षितिज. "बघ, किती क्लीन आहे." सुंदर होतं. पाच मिनिटं बघितल्यावर मला कुठेतरी एक तुळस असावीशी वाटली.

"पण भिंती नको हे पटतं मला," मी म्हटलं.

"भिंती हव्यातच मामा. भिंतीशिवाय मजा नाही. समोरचा पळतच राहतो."

आमच्याकडे भिंत आली २००३ साली. भांडण वगैरे काही नव्हतं. बाबा आणि काकांनी समजुतीने वाटण्या करायचं ठरवलं, मोजणीवाले आले, साखळी टाकली, खुणा केल्या, दुपारी आमच्याच ओटीवर सगळे एका पंगतीला जेवले. पुढच्या महिन्यात खळ्याच्या मधून गडगा उभा राहिला. कमरेइतका. तुळस त्यांच्या बाजूला गेली. पूर्वेची कडही. आमच्या वाट्याला पायरी आणि चढ आला, म्हणजे जी बाजू मला उभ्या आयुष्यात एकदाही धरता आली नव्हती ती. आईने नवीन वृंदावन बांधून घेतलं. मी तेव्हा बारावीत होतो, दादा मुंबईत नोकरीच्या शोधात. गणपतीला आला तेव्हा गडग्यावर बसून म्हणाला, बरा झाला, कोणाक तरी टेकूक झाला.

पुढे तो गावी परत आला. त्याने आपल्या बाजूचं खळं उकरून, भर घालून, लेव्हल काढून पेव्हर ब्लॉक टाकले. लाल-पिवळे, चौकोनी. एकदम सपाट. पावसात दोन दिवस पाणी तुंबतं, तो खराट्याने काढतो. आमच्या बाजूला आता फरशी आहे. शेणाने सारवायला शेण कुठे आहे?

वाटण्यांनंतर आम्ही दोघं एकदाही भांडलो नाही. हे चांगलंच आहे, असं सगळे म्हणतात.

लॅपटॉप बंद पडला. भाचा पडद्यात आपलंच तोंड बघत थोडा वेळ बसून राहिला. मग गडग्यापलीकडून हाक आली.

"रे, तुमची लाईट इली काय?"

"नाय. तुमची?"

"आमची पण नाय."

एवढंच. मीटर वेगळे, खांब एकच, तेव्हा एकाची येऊन दुसऱ्याची राहील असं होत नाही. हे दोघांनाही माहीत आहे. तो दर वेळी विचारतो, मी दर वेळी सांगतो.

"मामा," भाच्याने विचारलं, "तुम्ही दोघं भांडायचात ना इथे? जास्त वेळा कोण जिंकायचं?"

"तो," मी म्हटलं. "पण स्टेज बंडल होतं."

माजघरातून आई काहीतरी म्हणाली. नीट ऐकू आलं नाही.