लिलिएंथालचे आठ सेंटिमीटर

धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं उडतात. कधी त्या बाजूला गेलात तर उतरणाऱ्या विमानाच्या शेपटीकडे नीट बघा. शेपटीच्या आडव्या पंखाची मागची फळी सारखी थोडी वर, थोडी खाली होत असते. वैमानिकाने दांडा पुढे लोटला की फळी खाली झुकते, शेपूट उचलली जाते आणि नाक खाली येतं. दांडा मागे ओढला की याच्या उलट. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टेकड्यांवरून उडणाऱ्या जर्मन ओटो लिलिएंथालच्या ग्लायडरला, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाला, ही फळी नव्हती. नाक वर-खाली करायला त्याच्याकडे फक्त स्वतःचे पाय होते.

त्याच्याबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं त्यात बहुतेक एवढंच असतं की तो पंख लावून टेकडीवरून उड्या मारायचा आणि एक दिवस पडून मेला. हे वाचलं की वाईट वाटतं, कारण त्यात तो धाडसी पण वेडा माणूस ठरतो. प्रत्यक्षात तो चांगला शिकलेला यंत्र-अभियंता होता, कारखानदार होता, आणि हवेत पाऊल टाकण्याआधी त्याने जवळपास वीस वर्षं फक्त मोजमापं केली होती.

जन्म २३ मे १८४८, उत्तर जर्मनीतलं आंक्लाम गाव. तिथल्या ओल्या कुरणांत पांढरे करकोचे उतरत. हाच पक्षी हिवाळ्यात आपल्या देशातल्या पाणथळींवरही येतो. ओटो आणि त्याचा धाकटा भाऊ गुस्ताव हे करकोचे तासन्‌तास बघत. जड पक्षी वाऱ्याकडे तोंड करून धावतो आणि मग उठतो, वाऱ्याकडे पाठ करून कधीच उठत नाही, हे त्यांनी तिथेच टिपलं. पुढे बर्लिनमध्ये यंत्र-अभियांत्रिकीचं शिक्षण, १८७०-७१च्या फ्रान्सबरोबरच्या युद्धात सैन्यात नोकरी, आणि १८८३मध्ये बर्लिनला स्वतःचा बॉयलर आणि वाफेच्या इंजिनांचा कारखाना. आपल्याकडच्या जुन्या जिनिंग-प्रेसिंगमध्येही तेव्हा वाफेवरच यंत्रं चालत, त्यामुळे बॉयलर फुटणं म्हणजे काय हे खान्देशाला नव्याने सांगायला नको. लिलिएंथालच्या बॉयलरमध्ये पाण्याची एक मोठी टाकी नसून नळ्यांची वेटोळी होती. एका वेळी आत पाणी थोडंच, म्हणून नळी फुटली तरी स्फोट मोठा होत नसे. १८९०मध्ये त्याने नफ्याचा चौथा हिस्सा कामगारांना द्यायला सुरुवात केली. त्या काळात असं करणारे मालक मोजकेच होते. उडण्याचा सगळा खर्च याच कारखान्यातून निघायचा.

आता मोजमापांबद्दल. एक उभा खांब, त्यावर गरगर फिरणारा आडवा दांडा, दांड्याच्या टोकांना पंखाचे नमुने. वजन दोरीने खाली सुटलं की दांडा फिरतो. किती वजनाला किती वेग येतो आणि नमुना किती उचलला जातो, ते लिहून ठेवायचं. मग पंखाचा कोन थोडा बदलायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. यातून त्याच्या हाती जे लागलं त्यावर पुढचं सगळं उभं आहे: सपाट फळीपेक्षा वर फुगवटा असलेली वाकलेली फळी त्याच कोनात कितीतरी जास्त उचलते, आणि तिला मागे ओढणारा जोर त्या मानाने कमी असतो. फुगवट्याची उंची पंखाच्या रुंदीच्या बाराव्या भागाच्या आसपास चांगली, असं त्याच्या तक्त्यांत आलं. हे सगळं त्याने १८८९मध्ये पुस्तकरूपाने छापलं.

या पद्धतीत एक दोष आहे. फिरणारा दांडा आजूबाजूची हवाही आपल्याबरोबर फिरवू लागतो, त्यामुळे नमुन्याला स्थिर हवा मिळत नाही आणि आकडे थोडे चुकतात. शिवाय वाऱ्याच्या वेगावरून त्याचा दाब काढायला जो गुणक त्या काळी सगळेच वापरत, तोच मुळात मोठा होता. मैल आणि पौंडाच्या हिशेबात ०.००५ धरला जाई, खरा ०.००३३च्या आसपास. राईट बंधूंचा १९०१चा ग्लायडर अपेक्षेपेक्षा फार कमी उचलला जाऊ लागला, तेव्हा त्यांचा पहिला संशय लिलिएंथालच्या तक्त्यांवर गेला. मग त्यांनी स्वतःची वात-सुरंग, म्हणजे आतून वारा सोडून पंखाचे नमुने तपासायची लांब पेटी, बांधून मोजलं. तक्ते बरेचसे बरोबर निघाले, खोट त्या जुन्या गुणकात होती.

प्रत्यक्ष उड्डाणं १८९१मध्ये सुरू झाली, पॉट्सडॅमजवळच्या डेर्विट्स गावी. पहिल्या वर्षी उडी जेमतेम २५ मीटरची. १८९३पासून ऱ्हिनोच्या टेकड्यांवर २५० मीटरपर्यंत. १८९४मध्ये त्याने बर्लिनच्या लिष्टरफेल्डे भागात स्वतःची टेकडीच उभी केली, वीटभट्टीच्या टाकाऊ मातीची, १५ मीटर उंच. टेकडीचा आकार शंकूसारखा, म्हणजे वारा कुठूनही आला तरी त्याच्याकडे तोंड करून पळता यावं. माथ्यावर ग्लायडर ठेवायची खोली. आपल्याकडे पतंग उडवणारा पोरगा आधी वाऱ्याची दिशा बघून गच्ची निवडतो. याने गच्चीच सगळ्या दिशांना तोंड असलेली बांधली.

त्याचा सर्वांत यशस्वी ग्लायडर १८९४चा. पंखांचा विस्तार ६.७ मीटर, क्षेत्रफळ १३ चौरस मीटर, वजन २० किलो. सांगाडा विलोच्या काठ्यांचा. विलोचं लाकूड हलकं, लवचिक, आपटलं तरी चटकन तुटत नाही. वर ताणून बसवलेलं सुती कापड, शर्टाला वापरतात तसलं. आपल्या मांजरपाटाची बहीणच म्हणा. नुसत्या सुती कापडातून हवा आरपार जाते, म्हणून त्यावर लेप द्यावा लागे. काठ्या मधल्या चौकटीपासून वटवाघळाच्या बोटांसारख्या फाकलेल्या, त्यामुळे पंख मिटून ग्लायडर रेल्वेने नेता येई. वरून-खालून तारांचे ताण. कापडाचा आणि काठीचा ताण हवेप्रमाणे बदलतो, त्यामुळे फुगवटा कायम राहावा म्हणून पुढे त्याने पंखात घट्ट आकाराच्या पट्ट्या घातल्या. याच नमुन्याचे किमान नऊ ग्लायडर त्याने विकले, ५०० मार्क किमतीला. विक्रीसाठी ठराविक नमुन्याचं उडतं यंत्र बनवणारा हा जगातला पहिला कारखाना.

उडायचं कसं? मधल्या मोकळ्या जागेत उभं राहायचं, कोपरापासून पुढचे हात चौकटीवरच्या गाद्यांत घट्ट बसवायचे, मुठीत आडवी काठी. छाती आणि डोकं पंखांच्या वर, कमरेखालचा भाग मोकळा. वाऱ्याकडे तोंड करून, पंखाची पुढची कड किंचित खाली ठेवून उतारावर पळायचं. आधीच नाक वर केलं तर पंख वाऱ्याला अडवतो आणि वेग येतच नाही. नवशिक्याची पहिली चूक हीच.

वेग किती लागतो ते कागदावर काढता येतं. माणूस ८० किलो आणि ग्लायडर २०, एकूण १००. तेरा चौरस मीटरचा असला पंख जास्तीत जास्त उचलेल असं धरलं तरी हवेच्या तुलनेत सेकंदाला १० मीटरच्या आसपास वेग हवा, म्हणजे ताशी ३६-३७ किलोमीटर. वजन घेऊन उतारावर पळणारा माणूस सेकंदाला ५ मीटर गाठतो. उरलेले ५ वाऱ्याने द्यायचे. म्हणून ताशी १८ किलोमीटरच्या आसपासचा एकसारखा वारा असेल तर बरं. त्याहून कमी वारा असला तर उडणं होत नाही, आणि झुळकाझुळकांचा असला तर उडू नये.

हवेत गेल्यावर डावा पंख वर उचलला गेला, तर पाय डावीकडे फेकायचे. वर आलेल्या पंखाखाली वजन न्यायचं. घाबरलेल्या माणसाचे पाय मात्र आपसूक जमिनीच्या बाजूला, म्हणजे खाली गेलेल्या पंखाकडे जातात, आणि तोल आणखी बिघडतो. ही सवय मोडायला शेकडो छोट्या उड्या लागतात. त्याने पाच वर्षांत सुमारे दोन हजार मारल्या. उतरताना वजन मागे घेऊन नाक उचलायचं, वेग मारायचा आणि पायांवर यायचं. यासाठी शेपटीचा आडवा पंख बिजागरीवर वरच्या बाजूला मोकळा सोडलेला असे.

सगळं या पायांवर, म्हणून त्यांचाही हिशेब करू. दोन्ही पायांचं वजन शरीराच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे अंदाजे २७ किलो. हात चौकटीत अडकलेले, छाती हलत नाही. पाय जोरात पुढे फेकले तर त्यांचा मध्य फार तर ३० सेंटिमीटर सरकतो. २७ गुणिले ३०, भागिले एकूण वजन १००. उत्तर ८ सेंटिमीटर. दोन मीटरच्या आसपास रुंदीच्या पंखाखाली गुरुत्वमध्य एवढाच हलवता येतो, म्हणजे चार टक्के. आजचा हँग-ग्लायडरवाला पट्ट्याने खाली लोंबकळतो आणि हातातल्या दांड्याने सगळं शरीर पुढे-मागे नेतो. तो ८० किलो वजन नुसतं ४० सेंटिमीटर सरकवतो, तरी ३० किलोच्या ग्लायडरसह गुरुत्वमध्य २९ सेंटिमीटर हलतो. म्हणजे साडेतीन पटींहून जास्त. माझ्या मते लिलिएंथालची सगळ्यात मोठी अडचण ही होती. पंखाचा आकार त्याने बरोबर गाठला होता. हात मोकळे ठेवून खाली लोंबकळायचं त्याला सुचलं असतं, तर गोष्ट वेगळी झाली असती.

९ ऑगस्ट १८९६, श्टोल्न गावाजवळचा गोलेनबर्ग. ऊन स्वच्छ होतं. आधीच्या उड्या छान झाल्या, २५० मीटरपर्यंत. नंतरच्या एका उडीत ग्लायडर हवेत अडला, नाक खाली गेलं आणि सुमारे १५ मीटरवरून तो कोसळला. मानेचा मणका मोडला. दुसऱ्या दिवशी, १० ऑगस्टला, बर्लिनच्या रुग्णालयात तो गेला. वय ४८.

स्वच्छ उन्हाच्या दिवशी हे का व्हावं, ते एप्रिलमध्ये काळ्या रानात वावटळ बघितलेल्या माणसाला लगेच कळेल. नांगरलेली जमीन शेजारच्या हिरव्या केळीपेक्षा जास्त तापते, तिच्यावरची हवा फुगून वर सुटते आणि घारी त्यात पंख न हलवता चढत जातात. समजा ग्लायडर सेकंदाला ११ मीटरने चालला आहे आणि खालून सेकंदाला २ मीटरचा वर येणारा झोत लागला. हवा आता समोरून न येता तिरकी खालून येते, आणि पंखाचा हवेशी असलेला कोन एकदम १० अंशांनी वाढतो. आधी तो ७ होता, आता १७. साधारण १५ अंशांच्या पुढे असल्या पंखावरून हवा घसरून सुटते आणि उचल कोसळते. नाक ताबडतोब खाली घालून वेग परत मिळवायचा आणि लगेच पुन्हा सरळ व्हायचं, हा एकच उपाय. त्याला उंची लागते आणि नाकावर जोरकस ताबा लागतो. १५ मीटरवरून मोकळं पडायला पावणेदोन सेकंद लागतात, आणि हाताशी होते आठ सेंटिमीटर.

राईट बंधूंनी हा मृत्यू नीट अभ्यासला. त्यांनी नाकाचा ताबा शरीराच्या वजनाकडून काढून घेऊन एका वेगळ्या छोट्या पंखाकडे दिला आणि तो पंख मुद्दाम पुढे, स्वतःच्या डोळ्यांसमोर बसवला. त्यांच्या ग्लायडरचा वेग मेला तरी तो नाकावर पडण्याऐवजी बराचसा आडवाच खाली बसे.

हे सगळं घरी बघता येतं. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी काही सुचत नसेल तर हेच करा. ३ मिलिमीटर जाडीचं थर्माकोल घ्या. पंख ६० बाय १० सेंटिमीटर, हाताने दाबून किंचित वर वाकवलेला. शेपटीचा आडवा पंख २० बाय ६, उभा पंख ६ बाय ६. झाडूची किंवा बांबूची सरळ काडी, अशी की मोठ्या पंखाच्या मध्यापासून शेपटीच्या मध्यापर्यंत ३० सेंटिमीटर अंतर पडेल. पंखाची टोकं मध्यापेक्षा २-३ सेंटिमीटर उंच ठेवा, नाहीतर एका कुशीवर कलंडतो. शेपटीची मागची कड २ मिलिमीटर वर. नाकाला माती लावत जा, पंखाच्या पुढच्या कडेपासून ३.५ सेंटिमीटरवर दोन बोटांवर तोललं की पुरे. खांद्याच्या उंचीवरून सरळ, थोडं खाली तोंड करून सोडा. फेकू नका.

चांगलं तरंगू लागलं की माती काढून तोल ५.५ सेंटिमीटरवर न्या. आता ते तोंड वर करेल, थबकेल आणि कोसळेल. मग तोल परत जागेवर आणून मुद्दाम नाक वर करून सोडा. थबकून ते नाकावर जमिनीत घुसेल. तेच, अगदी तसंच, गच्चीवरून सोडा. थबकेल, नाक खाली घालेल, पण मध्येच वेग पकडून सरळ होईल आणि अंगणात तरंगत उतरेल. मार्च-एप्रिलमध्ये हे सकाळी आठच्या आत करा, रान तापायच्या आधी. कठड्याच्या पुढे वाकू नका.