चार वर्षांचा जमाखर्च

नाशिकमधील सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील ज्या कारखान्यात मी फिटर होतो, तेथील आमच्या कामगार संघटनेचे २८६ सभासद होते आणि प्रत्येकाच्या पगारातून दरमहा ४० रुपये वर्गणी कापली जात असे. शिवाय २०१५ साली वेतनकरार झाला तेव्हा फरकाच्या रकमेतून प्रत्येकाने हजार रुपये करारनिधी दिला होता. या पैशाचा हिशेब सर्वसाधारण सभेत तोंडी वाचला जाई. कागद मागितला, तर "ऑफिसवर या, बसून दाखवतो" असे उत्तर मिळे आणि ऑफिसवर गेल्यावर कपाटाची किल्ली नेमकी दुसऱ्या कोणाकडे असे.

ट्रेड युनियन कायदा, १९२६ मधील कलम २० नुसार हिशेबाची पुस्तके आणि सभासदांची यादी पाहण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला होता, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. कलम २८ मात्र एका निवृत्त सहकाऱ्याने दाखवले होते. ३१ डिसेंबरला संपणाऱ्या वर्षाचे लेखापरीक्षित जमाखर्च पत्रक, म्हणजे विवरणपत्र, प्रत्येक नोंदणीकृत संघटनेने निबंधकांकडे, म्हणजे संघटनांची नोंदणी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, त्या कायद्याप्रमाणे पाठवायचे असे. संघटना स्वतः माहिती अधिकाराच्या कक्षेत येते की नाही, या वादात मी पडलो नाही. निबंधकांचे कार्यालय येते, एवढे मला पुरेसे होते. २०१७ साली १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून मी २०१३ पासूनच्या विवरणपत्रांच्या प्रती मागितल्या. महिन्याच्या आत उत्तर आले की, २०१३ नंतरचे एकही विवरणपत्र कार्यालयात दाखल झालेले नाही.

ते पत्र मी गेट मीटिंगमध्ये वाचून दाखवले. त्यातून जी आरडाओरड झाली ती पुढच्या निवडणुकीपर्यंत टिकली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये, "ज्याला शंका आहे त्यानेच हिशेब लिहावा" या न्यायाने, मला खजिनदार करण्यात आले. तीन आठवड्यांतच निबंधकांची नोटीस आली. विवरणपत्रे न दिल्यामुळे नोंदणी रद्द का करू नये, याचा खुलासा दोन महिन्यांत करायचा होता. माझ्याच अर्जामुळे ती फाईल वर आली असणार, हे सर्वांना कळत होते आणि काहींनी ते मला तोंडावर ऐकवलेही.

विवरणपत्र न भरल्याचा त्या कायद्यातील दंड ५ रुपये होता. चूक चालूच राहिली तर दर आठवड्याला आणखी ५, पण एकंदर ५० रुपयांच्या वर नाही. एवढ्या दंडाला कोणी भीत नसे. नोंदणी जाणे ही गोष्ट मात्र निराळी, कारण वाटाघाटीसाठी लागणारी मान्यता, पगारातून होणारी वर्गणीकपात, ठेवीच्या व्याजावरील आयकराची सूट, हे सारे तिच्यावरच उभे असते. मद्रासच्या बकिंगहॅम मिल प्रकरणात संघटनेच्या पुढाऱ्यांवर दिवाणी दावा झाल्यानंतर १९२१ साली कामगार नेते ना. म. जोशी यांनी केंद्रीय विधिमंडळात अशा कायद्याची मागणी लावून धरली. पाच वर्षांनी तो आला आणि नोंदणीकृत संघटनांना तसल्या दाव्यांपासून संरक्षण मिळाले. ते संरक्षण घ्यायचे आणि हिशेब मात्र द्यायचा नाही, अशी आमची चार वर्षे गेली होती.

जमेची बाजू लवकर जुळली. कंपनीच्या पगार विभागाने दरमहाच्या कपातीच्या याद्या दिल्या आणि त्या बँकेच्या पासबुकाशी ताडून पाहता आल्या. मात्र आमच्या सीएने सवयीने ३१ मार्चअखेरचे ताळेबंद बनवले होते. ते निबंधकांच्या कार्यालयातून परत आले आणि डिसेंबरअखेरप्रमाणे सर्व वर्षे नव्याने मांडावी लागली. त्यात दीड आठवडा गेला.

खर्चाच्या बाजूने मला रात्ररात्र जागवले. संघटनेचा सर्वसाधारण निधी कशावर खर्च करता येतो, याची यादीच कलम १५ मध्ये होती. सभागृहाचे भाडे, औद्योगिक न्यायालयात जाण्यायेण्याचा प्रवासखर्च, मृत सभासदाच्या कुटुंबाला दिलेली मदत, हे सारे त्या यादीत बसत होते. पण २०१७ च्या महापालिका निवडणुकीत एका उमेदवाराच्या प्रचारासाठी लावलेल्या जीपचे व्हाउचरही त्या गठ्ठ्यात निघाले. राजकीय कामासाठी वेगळा निधी उभारावा लागतो आणि त्यात पैसे देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. आमच्याकडे असा निधी कधी नव्हताच. ती रक्कम माजी सरचिटणीसांनी कुरकुर न करता स्वतः भरली, हे येथे नोंदवले पाहिजे.

खरी अडचण "वकील फी व किरकोळ" या नावाखालच्या ८४,००० रुपयांची होती, कारण त्यासाठी एकही पावती नव्हती. पावतीशिवाय हा खर्च धरणार नाही, ती रक्कम ज्यांनी उचलली त्यांच्या नावे "येणे" म्हणून दाखवीन, असे सीएने स्पष्ट सांगितले. माजी सरचिटणीस भडकले. "अहो, तुमच्याच पगारवाढीसाठी आम्ही कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या ना? आता आम्हालाच चोर ठरवता?" त्यांनी पैसे खाल्ले असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. रोख काढायची, वाटायची आणि लिहायचे राहून जायचे, ही सवय मी इतर संघटनांतही पाहिली आहे. मी दोनदा वकिलांकडे गेलो, तेव्हा ६१,००० रुपयांच्या पावत्यांच्या दुसऱ्या प्रती मिळाल्या. उरलेल्या २३,००० रुपयांचा माग लागला नाही.

सर्वसाधारण सभेत चारही वर्षांची पत्रके छापून वाटली. एका तरुण सभासदाने उठून मूळ पुस्तके पाहायला मागितली आणि कबूल करतो, मला राग आला. इतकी मेहनत केल्यावर याला अजून संशय आहे? "उद्या ऑफिसवर ये," असे माझ्या तोंडून निघाले आणि मागच्या रांगेत हशा पिकला. त्याच सभेत आम्ही ठराव केला की, दर महिन्याच्या १० तारखेला पहिली पाळी सुटल्यावर दोन तास पुस्तके टेबलावर राहतील आणि कपाटाची दुसरी किल्ली कार्यकारिणीबाहेरच्या सभासदाकडे असेल. ते २३,००० रुपये माफ करावेत, असाही ठराव मांडला गेला, पण तो फेटाळला गेला.

नोटिशीची मुदत संपण्याच्या सहा दिवस आधी मी विवरणपत्रांचे चारही संच कार्यालयात दिले आणि पोचेचा शिक्का घेतला. नोंदणी राहिली. पहिल्या १० तारखेला सात जण आले, दुसऱ्या महिन्यात दोन, आणि तिसऱ्या महिन्यात फक्त तो तरुण सभासद आला. मी खजिनदार होतो तोवर, दर डिसेंबरअखेरच्या ताळेबंदात "येणे रुपये २३,०००" ही ओळ मी स्वतःच्या हाताने लिहिली.