अशोककुमारच का?

ठाण्यात तलावपाळीला सकाळच्या फेऱ्या मारताना सिनेमाचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. "दिलीपकुमार, बलराज साहनी सोडून तुम्हाला अशोककुमारच का आवडतो हो? हातात सिगरेट, तोच घोगरा आवाज, कधी वकील, कधी मुलीचा बाप." परवा शेजारच्या वहिनींनीही तेच विचारलं. आता तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

सिगरेटवाला अशोककुमार मलाही आवडतो. पण माझा जीव जडलाय तो त्याने रंगवलेल्या वल्लींवर.

'छोटी सी बात'मधला कर्नल ज्युलियस नागेंद्रनाथ विल्फ्रेड सिंग आठवा. खंडाळ्यात बसून बुजऱ्या तरुणांना प्रेमाचे डावपेच शिकवणारा! दुसऱ्या कुणी या माणसाचा विदूषक केला असता. अशोककुमार मात्र अमोल पालेकरला लढाईवर धाडायचंय अशा तळमळीने शिकवतो. आपण काही जगावेगळं करतोय, याची कर्नलला गंधवार्ताही नसते. खऱ्या विक्षिप्त माणसांचं असंच असतं, माझ्या एका मामांना मी जवळून पाहिलंय.

'खट्टा मीठा'तला होमी मिस्त्री तर फार थोड्यांना आठवतो. चार मुलांचा विधुर पारशी, उतारवयात मुलंबाळं असलेल्या विधवेशी लग्न करतो. आपल्या सिनेमातला पारशी म्हणजे एरवी बोलण्याची ढब आणि हशा. इथे दोन्हीकडची मुलं एकत्र नांदतील का, ही बापाची काळजी आधी दिसते, ढब नंतर. 'व्हिक्टोरिया नं. 203'मध्ये प्राणबरोबर केलेला म्हातारा भामटाही असाच मनापासूनचा.

हे त्याला कसं जमलं? बॉम्बे टॉकीजच्या लॅबमध्ये काम करणारा हा माणूस 1936 साली 'जीवन नैया'त अचानक नायक झाला. रंगभूमीवरची आवाज चढवायची सवय अंगात नव्हतीच. मला वाटतं, तेच पथ्यावर पडलं.

आणि 'आशीर्वाद' (1968). राष्ट्रीय पुरस्कार मिळूनही लोकांना त्यातली फक्त 'रेलगाडी' माहीत असते. तीही पुन्हा ऐका. पन्नाशी उलटलेला अशोककुमार पोरांमध्ये बसून स्टेशनांची नावं धडाधड म्हणतो, स्वतःच्या आवाजात, श्वास कुठे घेतो ते कळत नाही. त्या नावांत खांडवाही येतं, गांगुलींचं, म्हणजे अशोककुमारच्या घरच्यांचं गाव. तिथे मी दरवेळी थबकते. मोठेपणा विसरून खेळणारा असा मोठा माणूस मी पडद्यावर दुसरा पाहिला नाही.

आमचं घर रुळांजवळच. बाबा ते गाणं म्हणायचे तेव्हा आम्ही भावंडं मध्येच कळवा, मुंब्रा, दिवा घुसडायचो, आणि बाबा न अडखळता तीही स्टेशनं घेऊन पुढे जायचे.