बी-५९ मधला उकाडा

मे महिन्यातला ४५ अंशांचा उकाडा नागपूरकरांना सांगायला नको. पण कूलर नाही, खिडकी नाही, अशा बंद लोखंडी नळीत तो कल्पून पाहा. २७ ऑक्टोबर १९६२ला, क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिकेशी ताण शिगेला पोचलेला असताना, क्युबाजवळ सोव्हिएत बी-५९ पाणबुडीची हीच गत होती. बॅटऱ्या संपत आलेल्या, कार्बन डायऑक्साइड साचलेला, मॉस्कोशी संपर्क नाही. अमेरिकी विनाशिका ‘वर या’ म्हणून सरावाचे छोटे स्फोटक गोळे टाकत होत्या. या इशाऱ्याची पद्धत मॉस्कोला कळवलेली, पण पाणबुडीपर्यंत ती पोचलीच नाही! कप्तान सावित्स्कींना वाटलं, युद्ध पेटलं. जवळ एक अणुटॉर्पेडो होता. पाणबुडीवरचेच वरिष्ठ अधिकारी वासिली आर्खिपोव्ह यांनी त्यांना आवरलं. माझ्या लेखी हा माणूस फार मोठा. शेवटी पाणबुडी वर आली, विनाशिकांच्या गराड्यातच.