नाहीसा झालेला आजार आणि माझी नावांची फाइल

कुठल्या आजारावर दर वर्षी किती पेपर छापले गेले, याचा मी पहिला आलेख काढला, त्यात एक आजार २०११ नंतर नाहीसा होत चाललेला दिसत होता. वेगेनर्स ग्रॅन्युलोमॅटोसिस. लहान रक्तवाहिन्यांना सूज येऊन नाक, फुप्फुसं आणि मूत्रपिंडं पोखरणारा हा आजार. कित्येक वर्षं चढत आलेली त्याची रेघ २०११ पाशी वळत होती आणि मग उतरणीला लागत होती. त्यावर मी दीड पान लिहूनही टाकलं होतं: उपचार सुधारले म्हणून प्रश्न कमी झाले असतील, संशोधकांचं लक्ष दुसरीकडे वळलं असेल. माझ्या गाइड मॅडमनी ते दीड पान शांतपणे वाचलं आणि म्हणाल्या, "अगं, आजार कुठेही गेलेला नाही. त्याचं नाव बदललंय."

खरंच होतं. फ्रेडरिक वेगेनर या डॉक्टरांचा नाझी पक्षाशी असलेला संबंध उजेडात आल्यावर २०११ मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या संधिवात व मूत्रपिंड तज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून हे नाव सोडायचं ठरवलं आणि 'ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलीअँजायटिस' हे नाव सुचवलं. ओपीडीत मी स्वतः केसपेपरवर 'जीपीए' हे त्या नव्या नावाचं लघुरूप लिहीत होते. आलेखासमोर बसल्यावर मात्र ते डोक्यातच आलं नाही. दोन्ही नावं एकत्र करून आलेख पुन्हा काढला, तर रेघ वरच जात होती.

त्या दिवशी मी एक साधी फाइल उघडली. पहिल्या रकान्यात जुनं नाव, दुसऱ्यात नवं, तिसऱ्यात बदलाचं वर्ष. पुढचे चौदा महिने ती फाइल माझ्याबरोबर होती.

काम ऐकायला सोपं वाटेल असं होतं. क्लिनिकल इम्युनॉलॉजीत, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या आजारांच्या वैद्यकशाखेत, गेल्या दोन दशकांत काय काय छापून आलं, कुठले विषय वाढले, कुठल्या पेपरांची दखल घेतली गेली, याचा मोजणी करणारा बिब्लिओमेट्रिक अभ्यास. पेशंट नाहीत, रक्ताचे नमुने नाहीत, म्हणून दोन-तीन महिन्यांत होईल असं मला वाटलं होतं. असा अभ्यास हाती घेणाऱ्या कुणालाही मी आता सांगेन, की निम्मा वेळ शोधवाक्यासाठी, म्हणजे डेटाबेसमध्ये शोधायच्या शब्दांच्या जुळणीसाठी, राखून ठेवा.

या विषयाला कुंपणच नाही. ॲलर्जी त्यात येते, ल्युपससारखे ऑटोइम्यून (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते असे) आजार येतात, जन्मजात प्रतिकारदोष येतात, प्रत्यारोपण येतं आणि आता कॅन्सरही येतो. मी आधी सरळ 'क्लिनिकल इम्युनॉलॉजी' हेच शब्द टाकून शोधलं. हजारो नोंदी आल्या. चाळायला लागल्यावर कळलं, की त्यातल्या बऱ्याच पेपरांत हे शब्द फक्त लेखकाच्या विभागाच्या नावात होते, नाहीतर जर्नलच्या नावात. उलट खरोखर आमच्या विषयातले असंख्य पेपर हे शब्द कधीच वापरत नाहीत, ते थेट आजाराचं नाव घेतात.

मग ग्रंथपाल मॅडमकडे गेले. त्यांनी माझ्यासोबत बसून एकेक शब्द तपासला. 'बीटीके' या जनुकाचं उदाहरण अजून आठवतं. १९५२ मध्ये ऑग्डेन ब्रुटन यांनी एका आठ वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. त्याला पुन्हा पुन्हा गंभीर जंतुसंसर्ग व्हायचा आणि त्याच्या रक्तात गॅमाग्लोब्युलिन, म्हणजे अँटिबॉडी असलेलं प्रथिन, नव्हतंच. ब्रुटननी ते त्याला बाहेरून द्यायला सुरुवात केली. एक मुलगा, एक छोटा पेपर, आणि जन्मजात प्रतिकारदोषांचा अभ्यास तिथून खऱ्या अर्थाने उभा राहिला. त्यामागचं जनुक १९९३ मध्ये सापडलं आणि ब्रुटन यांच्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं. पण 'बीटीके' असं शोधलं, तर समोर येतात ते मुख्यतः ल्युकेमिया आणि लिम्फोमाचे पेपर, कारण त्या जनुकापासून बनणारं प्रथिन रोखणारं इब्रुटिनिब हे औषध २०१३ मध्ये मंजूर झालं आणि रक्ताच्या कॅन्सरचं सगळं संशोधन त्या शब्दावर येऊन बसलं. मुलांच्या आजाराचे पेपर त्या गर्दीत शोधावे लागतात. ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, "शब्द एकच आहे, माणसं वेगळी आहेत. तुम्हाला कुठली हवीत ते आधी ठरवा."

फाइलमध्ये ओळी वाढत गेल्या. 'प्रायमरी इम्युनोडेफिशियन्सी' मागे पडून 'इनबॉर्न एरर्स ऑफ इम्युनिटी' आलं होतं. चर्ग-स्ट्रॉस या रक्तवाहिन्यांच्या दुसऱ्या आजाराचंही नाव बदललं होतं. शोधवाक्य शेवटी दीड पानाचं झालं. ते आम्ही सतरा वेळा बदललं आणि प्रत्येक आवृत्ती तारखेसह जपून ठेवली. पुढे रिव्ह्यूअरना उत्तर देताना त्याच तारखा कामी आल्या.

नोंदी उतरवून घेणं हे निव्वळ कष्टाचं काम. संदर्भांसह पूर्ण नोंद हवी असेल तर वेब ऑफ सायन्स हा पेपरांचा डेटाबेस एका वेळी पाचशेच देतो. उतरवा, नाव द्या, पुढचे पाचशे. मग दुहेरी नोंदी काढा. परिषदांचे गोषवारे जर्नलच्या पुरवणीत छापले जातात आणि पूर्ण पेपर असल्यासारखे मोजले जातात, ते बाजूला करा. एकच आडनाव आणि एकच आद्याक्षर असलेले लेखक वेगळे करा. प्रत्येक लेखकाची वेगळी ओळख देणारे ऑर्किड क्रमांक २०१२ पासून आले, त्याआधीच्या पेपरांसाठी संस्था आणि सहलेखक पाहून अंदाज बांधावा लागतो. यावर जास्त लिहीत नाही, करताना फक्त चिकाटी लागते.

नकाशे काढायला व्हॉसव्ह्यूअर वापरलं. लायडन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी केलेलं हे मोफत सॉफ्टवेअर पेपरांतले शब्द एकत्र किती वेळा येतात ते पाहून त्यांचे रंगीत पुंजके मांडतं. पहिला नकाशा पडद्यावर आला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले. आपण रोज ज्यात वावरतो तो सगळा विषय एका चित्रात दिसत होता. लाल पुंजक्यात संधिवात आणि ल्युपस, हिरव्यात ॲलर्जी आणि दमा, निळ्यात कॅन्सर, आणि कडेला एक छोटा पिवळा पुंजका, जन्मजात प्रतिकारदोषांचा.

चित्र फार गिचमिड होतं म्हणून मी शब्द किमान किती वेळा यायला हवा ती मर्यादा वाढवली. चित्र स्वच्छ झालं आणि पिवळा पुंजका गेला. संपूर्ण गेला. एकेका दुर्मीळ आजाराचं नाव एवढ्या वेळा येतच नाही. या दोषांची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीच्या २०२२ च्या यादीत असे ४८५ दोष आहेत, आणि यादी वाढतेच आहे. प्रत्येकाचे पेपर मूठभर. वेगवेगळी नावं असल्यामुळे सॉफ्टवेअरला ते एकमेकांचे कुणीच वाटत नाहीत. मला ते मनापासून लागलं, कारण यातली मुलं माझ्या ओपीडीत येतात. एक आकडा बदलल्याने ती नकाशावरून पुसली जात असतील, तर तो आकडा किती ठेवला आणि का ठेवला हे पेपरात लिहिणं आलंच. आम्ही दोन्ही नकाशे छापायचं ठरवलं.

मोठे प्रवाह मात्र कुठल्याही मर्यादेला ठळकच दिसत होते. टीएनएफ हा दाह वाढवणारा रेणू रोखणारी औषधं १९९८-९९ मध्ये बाजारात आली. त्यामुळे आमच्या कालखंडाच्या सुरुवातीलाच संधिवाताच्या पुंजक्यात ती मध्यभागी बसलेली. प्रतिकारशक्तीला आवर घालणारा पीडी-१ हा रेणू जपानी संशोधक होन्जो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये सापडला होता, पण कॅन्सरसाठी चेकपॉइंट (म्हणजे असे आवर घालणारे रेणू) रोखणारं पहिलं औषध, इपिलिमुमॅब, २०११ मध्ये मंजूर झालं आणि त्यानंतर निळा पुंजका झपाट्याने फुगला. मला त्यातली एक बारीक शाखा महत्त्वाची वाटली: या औषधांमुळे प्रतिकारशक्तीचा लगाम सुटून होणारे आतड्याचे, थायरॉइडचे, हृदयस्नायूचे दाह. कॅन्सरच्या वॉर्डातून आमच्याकडे येणारे निरोप याच शाखेतले. आणि अगदी अलीकडे, २०२२ मध्ये, ल्युपसच्या पाच रुग्णांवर कार-टी पेशींचा (रुग्णाच्याच टी पेशी जनुकीय बदल करून परत देण्याचा) उपचार केल्याचा जर्मनीतल्या एर्लांगेनचा पेपर. पाचच रुग्ण, पण नकाशात त्या पेपराचा हवाला देणाऱ्यांच्या रेघा मोजताना हात दुखले.

मग २०२०. वर्षवार आलेखात तिथे भिंतच उभी राहिली. कोविडचे पेपर ठेवले की बाकी सगळं खुजं दिसायचं, काढून टाकले की विषयाचाच एक भाग कापल्यासारखं वाटायचं. तीव्र कोविडच्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांत टाइप १ इंटरफेरॉन या विषाणूशी लढणाऱ्या प्रथिनांविरुद्ध स्वतःच्याच अँटिबॉडी सापडल्या, हा शोध त्याच वर्षीचा. तो काढून कसा टाकणार? शेवटी सगळी गणितं दोनदा केली, कोविडसह आणि कोविडवगळून.

त्या भिंतीची सावली इम्पॅक्ट फॅक्टर या जर्नलच्या आकड्यावरही पडली होती. एखाद्या जर्नलने मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा मिळालेली सायटेशन्स (इतर पेपरांनी दिलेले हवाले), भागिले त्या दोन वर्षांतल्या मोजण्याजोग्या लेखांची संख्या, एवढंच त्याचं गणित. विज्ञानातल्या सायटेशन्सची सूची तयार करणाऱ्या युजीन गारफील्ड यांना तो सुचला तो कुठली जर्नल्स सूचीत घ्यायची हे ठरवण्यासाठी. पण द लॅन्सेटचा आकडा २०२० मध्ये ७९.३ होता, २०२१ मध्ये २०२.७ झाला आणि २०२२ मध्ये १६८.९ वर उतरला. जर्नलचा दर्जा दोन वर्षांत असा वर-खाली झाला नव्हता. तरीही याच आकड्यावर माणसांच्या नेमणुका आणि निधी ठरतात, आणि हे चुकीचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. संशोधनाच्या मूल्यमापनाबद्दलच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने २०१३ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं. आम्ही जर्नलचा आकडा पेपरला चिकटवायचा नाही असं ठरवलं. प्रत्येक पेपर त्याच वर्षीच्या, त्याच उपविषयातल्या पेपरांशी ताडून पाहिला.

सर्वाधिक सायटेशन्सची यादी हाती आली तेव्हा मला नवे शोध वर दिसतील असं वाटत होतं. वर होते आजारांचे वर्गीकरणाचे निकष, २०१० चे संधिवाताचे, २०१९ चे ल्युपसचे. तेही योग्यच, कारण रुग्ण निवडताना प्रत्येकजण त्यांचाच आधार घेतो. ब्रुटन यांच्या पेपराला मात्र त्याच्या मोठेपणाच्या मानाने सायटेशन्स थोडी होती. त्यांचं नाव आजाराचं आणि प्रथिनाचं नाव होऊन बसलं, मग मूळ पेपरचा हवाला कोण देणार? त्यापुढे मी त्या यादीकडे नुसती क्रमवारी म्हणून पाहू शकले नाही.

पहिल्या जर्नलने चार दिवसांत परत पाठवलं, आमच्या कक्षेत बसत नाही म्हणून. दुसरीकडे दोन रिव्ह्यूअर मिळाले. पहिल्यांनी विचारलं, एकच डेटाबेस का? त्यासाठी स्कोपस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये सगळा शोध पुन्हा केला, त्यात दोन महिने गेले आणि तीन निष्कर्ष सौम्य करावे लागले. दुसऱ्यांची सूचना एकाच ओळीची होती: यादीतले मागे घेतलेले पेपर तपासलेत का? तपासले नव्हते. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन हे ल्युपसचं औषध म्हणून आमच्या शोधवाक्यात होतं, आणि त्याच वाटेने मे २०२० मध्ये लॅन्सेटमध्ये आलेला व जूनमध्ये मागे घेतला गेलेला पेपर आमच्या यादीत भरपूर सायटेशन्स घेऊन बसला होता. दखल आणि विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा परिच्छेद मग मी चर्चेत घातला. संपूर्ण पेपरात माझा सर्वांत आवडता परिच्छेद तोच आहे.

दुसऱ्या दुरुस्तीनंतर पेपर स्वीकारला गेला. नावांची फाइल पुरवणी म्हणून जोडायला संपादकांनी परवानगी दिली, तेव्हा मला स्वीकृतीपेक्षा जास्त आनंद झाला.

अलीकडे विभागातल्या एका ज्युनियरने असाच अभ्यास सुरू केलाय. मी तिला फाइल पाठवली. दोन दिवसांनी तिने परत पाठवली, आणि मला सुटलेली एक ओळ तळाशी होती: जॉब सिंड्रोम, १९६६, हायपर आयजीई सिंड्रोम, स्टॅट३ चा दोष, २००७ पासून. एकाच जन्मजात प्रतिकारदोषाची ही तीन नावं. खाली तिने लिहिलं होतं, "ताई, या तिन्ही नावांखाली वेगवेगळं शोधून पाहिलं. पेपर वेगवेगळे येतात." मी संगणक उघडला आणि आमचं शोधवाक्य पुन्हा वाचायला घेतलं.