तुम्ही विचारलंत म्हणून: तांदळाच्या भाकरीवर हमोत्सी (पाव खाण्याआधीची ज्यू प्रार्थना) का नाही?

मला सीलिअ‍ॅक आहे, म्हणजे गहू, जव, राय यांतलं ग्लुटेन हे प्रथिन न सोसणारा आजार, गहू कायमचा बंद, हे कळलं की इथल्या, इस्राएलमधल्या अश्दोदच्या शेजारणी काय किंवा ठाण्याच्या मावश्या काय, एकच विचारतात: "मग शब्बाथला (आमच्या पवित्र विश्रांतीच्या दिवशी) हमोत्सी कशावर म्हणतेस? तांदळाची भाकरी आहेच की!"

भाकरी आहे, पण तिच्यावर हमोत्सी चालत नाही. ही ब्राखा (आशीर्वचन) पाचच धान्यांच्या पावाची: गहू, जव, स्पेल्ट (गव्हाचाच जुना प्रकार), राय आणि ओट. ग्लुटेनशी नियमाला काही देणंघेणं नाही. तांदूळही धान्यातच धरावा, असं तालमुद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथात योहानान बेन नूरी म्हणतात. बाकीच्या पंडितांनी ते मानलं नाही. तरी तांदळाला अगदीच वाऱ्यावर सोडलेलं नाही. पोटाला आधार देतो म्हणून त्याच्यावर मेझोनोत ही ब्राखा म्हणतात, केकवर म्हणतात तीच. मक्याच्या किंवा टॅपिओकाच्या पावाला मात्र पाण्याचीच ब्राखा, शेहाकोल. आम्ही बेने इस्राएल (कोकणातले मराठी ज्यू) पिढ्यान्‌पिढ्या भात खाणारे, त्यामुळे तांदळाचा एवढा मानही मला सुखावतो.

म्हणून शब्बाथला ओट, पाचांतलं मला चालणारं तेवढंच. तेही ग्लुटेनमुक्त शिक्क्याचे, कारण साध्या ओटांत शेतापासून गिरणीपर्यंत कुठेतरी गहू मिसळतोच. त्या पिठाची, शब्बाथच्या पावाला घालतात तशी, वेणी घालायला जाल तर सगळं हाताला चिकटून बसतं. मी सरळ साच्यात ओतते आणि दोन छोटे पाव करते. शब्बाथच्या टेबलावर दोन अख्खे लागतात. गरम असताना बरे लागतात. दुसऱ्या दिवशी सुरी लावली की भुगा.

खरी पंचाईत होते दुसऱ्यांकडे जेवायला गेल्यावर, आणि ती मिठाची. हमोत्सीनंतर पावाचा तुकडा मिठाला लावून खातात. गव्हाचे तुकडे त्या वाटीत टेकले की ती वाटी माझ्या कामाची उरत नाही. मी माझं मीठ पुडीत नेते, हात धुते, यजमानांच्या हमोत्सीला आमेन म्हणते आणि माझा पाव खाते. लोक बघतात. बघू देत.

पेसाहच्या (वल्हांडण सणाच्या) पहिल्या रात्री ओटाचा मात्झा, म्हणजे बिनखमिराची रोटी. महाग, आणि चावायला पुठ्ठा. डॉक्टरांनी ओटही बंद केले असतील तर धर्म हट्ट धरत नाही, आधी जीव. पुढचे दिवस आमच्याकडे तांदूळ चालतो. समोरच्या अश्केनाझी (युरोपीय वंशाच्या ज्यू) बाईंनाही सीलिअ‍ॅक आहे, पण त्यांच्यात पेसाहला तांदूळ वर्ज्य. त्या बिचाऱ्या आठवडाभर बटाटे सोलत असतात.