चाळीस नंबरचा नियम

डिसेंबरातला शेवटचा शनिवार. फोंड्याला घरी शिवराक जेवायला बसलो होतो, एवढ्यात कांदोळीच्या एका हॉटेलातून कॅप्टनचा फोन. ‘दादा, पूलजवळच्या काउंटरला केओटी येईना. वेटर कागद घेऊन धावताहेत.’

पोटात गोळा आला. केओटी म्हणजे ऑर्डरची छापील चिठ्ठी. ती छापणारा तिथला प्रिंटर नवा, आणि त्याच्यासाठीचा नियम दुपारी मीच घरबसल्या हॉटेलच्या नेटवर्क स्विचवर टाकला होता, म्हणजे कोणाचा डेटा कुठे जाऊ द्यायचा ते ठरवणाऱ्या डब्यावर. स्विचवरून प्रिंटरला पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का?’ विचारलं, उत्तर आलं, लॅपटॉप मिटला. आता लक्षात आलं, टॅब्लेटच्या व्हीलॅनवर, म्हणजे नेटवर्कच्या त्यांच्या वेगळ्या कप्प्यावर, आत येणाऱ्या ट्रॅफिकला लावलेली नियमांची यादी स्विचने स्वतः पाठवलेल्या पॅकेटला, म्हणजे डेटाच्या तुकड्याला, लागूच होत नाही. म्हणजे मी तपासलं काय, तर प्रिंटर चालू आहे एवढंच!

ताट बाजूला सारून यादी उघडली. वेटरांच्या टॅब्लेटना १० नंबरने मोठ्या किचनचा प्रिंटर मोकळा, २० ने हॉटेलचं आतलं सगळं नेटवर्क बंद, ३० ने बाकी इंटरनेट खुलं. माझा नियम बिनचूक होता, प्रिंटरचा पोर्ट ९१०० सुद्धा बरोबर, पण बसला होता ४० वर. नंबर न देता टाकला की नियम तळाशी जातो. स्विच वरून खाली वाचतो आणि पहिला लागू पडणारा नियम सापडला की तिथेच थांबतो. नियम किती पॅकेटांना लागला तो आकडा त्याच्यासमोर दिसतो. २० समोरचा आकडा वाढत होता, ४० समोर शून्य. (काही स्विचवर हार्डवेअरमधून गेलेली पॅकेटं या आकड्यांत दिसतच नाहीत. इथे नशीब.)

४० काढला, तोच १५ नंबरने घातला. मधले नंबर याचसाठी मोकळे सोडलेले असतात. ‘आता बघ.’

‘नाही, दादा.’

१५ चा आकडा मात्र वाढत होता. पॅकेट जात होतं, मग अडत कुठे होतं? दुसऱ्या बाजूला, प्रिंटरकडून परत येताना. किचनच्या व्हीलॅनवरही एक यादी होती, टॅब्लेटकडे फक्त जुन्या प्रिंटरची उत्तरं सोडणारी. स्विचची ही यादी फायरवॉलसारखी कनेक्शन लक्षात ठेवत नाही, परतीच्या पॅकेटलाही वेगळी परवानगी लागते. हे मी नवख्या पोरांना शिकवतो, बरं का. तिथेही नव्या प्रिंटरची ओळ घातली, या वेळी नंबर देऊन, बंदीच्या वर.

फोनमधून खरखर ऐकू आली. थांबेचना.

‘दादा, आली! पण या सगळ्या मघाच्याच...’

टॅब्लेटांनी धरून ठेवलेल्या केओटी एकदम सुटल्या होत्या. त्यातल्या बहुतेक ऑर्डरी कागदावरून टेबलांवर पोचूनही झाल्या होत्या. मागून शेफचा आवाज आला, ‘अरे, चार नंबरला परत इसवण?’ आणि पाठोपाठ तव्यावरचा चर्र आवाज.